पैदास एकाची, शर्यत दुसऱ्याची, म्हातारपण कुणाचं?

बडोद्यात रेसकोर्स सर्कल आहे, इंदूरला रेसकोर्स रोड आहे, ग्वाल्हेरलाही आहे, आणि तिन्ही गावांत आज पैसे लावून घोड्यांची शर्यत कुठेच होत नाही. त्यामुळे हा विषय काढला की आपल्या मंडळींची दोनच उत्तरं येतात, एक तर तो जुगार आहे आपल्याला काय करायचंय, नाहीतर महाराजांच्या काळात काय थाट होता. मला दोन्ही अपुरी वाटतात. शर्यत इथे नसली तरी शर्यतीतून बाहेर पडलेले घोडे इथे येतात, लग्नाच्या वरघोड्यात येतात, रायडिंग शिकवणाऱ्यांकडे येतात, फार्महाऊसवर शोभेला येतात, आणि मी बडोद्यात गेली बरीच वर्षं असेच घोडे सांभाळतोय म्हणून बोलतोय.

माझं म्हणणं असं की ज्यानं घोडा जन्माला घातला त्याची जबाबदारी घोडा विकला की संपते, हे बंद झालं पाहिजे. नियमानं बंद झालं पाहिजे. आणि पैदास नि ट्रेनिंग एकाच पागेत करणारे जे थोडे लोक आहेत त्यांना सरकारनं आणि टर्फ क्लबांनी, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या संस्थांनी, पुढे आणलं पाहिजे, कारण ही जबाबदारी पेलायला तीच रचना लायक आहे.

सध्या होतं काय ते बघा. स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीच्या पागेत, घोडी अकरा महिने गाभण राहते. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, जगभर हाच नियम, घोडा आणि घोडीचा प्रत्यक्ष संयोग झाला नाही तर स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या वहीत, नोंदच होत नाही. शिंगरू पाच-सहा महिन्यांचं झालं की आईपासून तोडतात, मग ते विक्रीला जातं, दीड वर्षाच्या आसपास चाबूकस्वार त्याला खोगीर-लगामाची सवय लावतो, आणि दोन वर्षांचं होता होता ते ट्रॅकवर असतं. वय मोजायचं एक जानेवारीपासून, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि एप्रिलच्या शेवटी जन्मलेलं कागदावर एकाच वयाचं, शर्यतीतही एकाच गटात. या सगळ्या साखळीत स्टडवाला वेगळा, मालक वेगळा, ट्रेनर वेगळा, घोडा घ्यायचा सल्ला देणारा एजंट वेगळा. स्टडवाल्याला पाहिजे विक्रीच्या दिवशी शिंगरू भरलेलं, चकचकीत, वयाच्या मानानं मोठं दिसलं पाहिजे. मालकाला पाहिजे लवकर पळालं पाहिजे कारण दर महिन्याचं ट्रेनिंगचं बिल चालूच असतं. ट्रेनरला पाहिजे या सीझनला जिंकलं पाहिजे, नाहीतर मालक घोडा उचलून दुसऱ्याकडे नेतो. यातला एकही माणूस वाईट असेल असं नाही, मला भेटलेले बहुतेक तर घोड्यावर जीव टाकणारे होते, पण प्रत्येकाचा हिशोब घोड्याच्या आयुष्याच्या एका तुकड्यापुरता आहे. थरोब्रेड पंचवीस वर्षं आरामात जगतो. पळतो पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत, फार तर सात-आठ. राहिलेली पंधरा-वीस वर्षं कुणाच्याच वहीत नाहीत.

आता बडोद्याचाच एक धागा सांगतो, लोकांना अर्धाच माहीत असतो. प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं, त्या काळचा तो विक्रम होता, आणि त्याला आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. त्या घोड्यानं १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही मोठ्या शर्यती मारल्या, पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबू या घोड्यानं टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडची मोठी शर्यत जिंकली. त्याआधी इकडे मुंबईत पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली तीसुद्धा बडोद्याच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनं, म्हणजे तरुण घोडीनं, जिंकली होती. इथपर्यंत आपल्याकडे अभिमानानं सांगतात. पण सयाजीरावचा बाप कोण? नेआर्को. आणि नेआर्को आला कुठून तर इटलीत लागो माज्जोरेच्या काठी डोर्मेलो म्हणून गाव आहे तिथल्या फेडेरिको टेझिओच्या पागेतून, आणि हा टेझिओ म्हणजे पैदासही स्वतः करणारा आणि ट्रेनिंगही स्वतः करणारा माणूस. नेआर्को चौदा शर्यती पळाला, चौदाही जिंकला. टेझिओच्याच पागेतला रिबो सोळा पळाला, सोळाही जिंकला, त्यातल्या दोन पॅरिसच्या आर्क या नामांकित शर्यती, १९५५ आणि १९५६ च्या, पण ते यश बघायला टेझिओ नव्हता, तो १९५४ सालीच गेला. पुढे नेआर्कोचा नातू नॉर्दर्न डान्सर, पैदाशीचा गाजलेला घोडा, आणि आज जगात कुठल्याही मोठ्या शर्यतीतल्या घोड्याची वंशावळ काढा, नेआर्को सापडतोच सापडतो.

म्हणजे बडोद्याच्या नावानं जो सर्वात मोठा घोडा पळाला त्याचं रक्त एका छोट्या, एकत्र पागेतून आलेलं होतं. मोठे पैसे, मोठा लिलाव हे सगळं नंतरचं.

टेझिओला हे जमलं कसं यावर खूप लिहिलं गेलंय, काही लोक त्याला जादूगार करून टाकतात, मला त्यात जादू दिसत नाही. ज्या माणसानं फिलीला सकाळच्या गॅलपला रोज बघितलंय, ती कुठे दमते, वळणावर कुठला पाय आधी टाकते, गर्दीत घाबरते का, हरल्यावर दाणा सोडते का, तोच माणूस जेव्हा ती निवृत्त झाल्यावर तिला कुठला घोडा दाखवायचा, म्हणजे कुणाशी जोडी लावायची, ते ठरवतो तेव्हा त्याच्याकडे जी माहिती असते ती विक्रीच्या कॅटलॉगच्या पानावर येऊच शकत नाही. कॅटलॉगमध्ये आई-आजीनं काय जिंकलं ते ठळक अक्षरात असतं. आजीचा गुडघा तिसऱ्या शर्यतीनंतर सुजायचा हे त्यात नसतं. फक्त कागद बघून पैदास करणारा तोच कमजोर गुडघा पुढच्या पिढीत पाठवतो, त्याला कळतही नाही, आणि ट्रेनरला कळतं तेव्हा सांगायला समोर कुणी नसतं कारण स्टडवाल्यानं चेक घेऊन वर्ष झालेलं असतं.

उलट दिशेनंही तसंच. ज्यानं शिंगरू जन्मताना हातात घेतलंय, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला की नाही यासाठी रात्रभर जागलाय, पाय वाकडे आहेत का बघून नालबंदाकडून महिन्या-महिन्याला खूर घासून घेतलेत, त्याला माहीत असतं की हे पोर उशिरा भरणारं आहे, याला दोन वर्षांचं असताना दामटायचं नाही. हाड हे जसा भार येईल तसं घट्ट होत जातं, म्हणून लहान वयात बेतानं पळवणं चांगलंच असतं, अजिबात न पळवणं चांगलं नाही, हे पशुवैद्यकांनी दाखवलेलं आहे. पण भार हाडाच्या तयारीच्या पुढे गेला की पायाची नळी दुखायला लागते, बारीक तडे जातात, आणि तसाच पळवला तर एक दिवस मोडते. त्या दोन गोष्टींमधलं अंतर ओळखायला घोड्याचा जन्मापासूनचा हिशोब लागतो. दुसऱ्याच्या पागेतून आलेल्या शिंगराचा तो हिशोब ट्रेनरकडे नसतो, त्याला पहिल्या दिवसापासून अंदाजानं चालावं लागतं.

मग दुखापत. पुढच्या पायाचा टेंडन, म्हणजे स्नायूबंध, गेला की नऊ महिने, वर्ष, कधी जास्त. खरारा, बँडेज, हाताला धरून चालवणं, मग हळूहळू ट्रॉट, आणि तरी परत जाण्याची भीती असतेच. वेगळ्या-वेगळ्या साखळीत मालक काय करतो, वर्षभर बिल भरायचं आणि नंतर पळेल याची खात्री नाही, तो विकून मोकळा होतो. एकत्र पागेत हीच फिली पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या चरायच्या मैदानात, सोडता येते, दोन वर्षांनी ती आई होते. तिचं दुखणं हे पागेचं नुकसान असतं पण तिचं आयुष्य संपत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायलाच पाहिजे, नाहीतर माझा मुद्दा लंगडा पडेल. फिलीचं हे होतं, कोल्टमधल्या, म्हणजे तरुण नरांमधल्या, एखाद्या मोठ्या विजेत्याचं होतं, गेल्डिंगचं होत नाही. खच्ची केलेला घोडा, पळायचा थांबला की एकत्र पागेलाही त्याचा काही उपयोग राहत नाही, आणि आमच्यासारख्यांकडे येणारे बहुतेक हेच असतात. आमच्याकडे एक तपकिरी गेल्डिंग आला होता, तीन हात बदलून आलेला, कागद नाहीत, घोड्याचा ओळखीचा पासपोर्ट मधल्या कुणीतरी ठेवून घेतलेला की फेकलेला माहीत नाही. पुढचा डावा टेंडन धनुष्यासारखा वाकलेला आणि तशाच पायावर त्याला दोन लग्नसराया वरघोड्यात नाचवलेला. थरोब्रेड हा आधीच पातळ कातडीचा, भडक डोक्याचा, पुढे डीजे, मागे फटाके, खाली मे महिन्याचा डांबरी रस्ता, आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला नवरदेव. आम्ही त्याचं नाव शोधायचा खूप प्रयत्न केला. मायक्रोचिप होती, नंबर निघाला, पण तो नंबर घेऊन आज तुझा घोडा कुठे आहे बघ असं कुणाला विचारायचं याची कुठेच सोय नव्हती.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. फर्डिनंड नावाच्या घोड्यानं १९८६ साली केंटकी डर्बी जिंकली, पुढच्या वर्षी अमेरिकेचा हॉर्स ऑफ द इयर झाला, पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि २००२ साली कत्तलखान्यात संपला. बातमी फुटली तेव्हा अमेरिका हादरली, आणि पुढे तिथे निवृत्त घोड्यांसाठी संघटित व्यवस्था उभी राहिली. ब्रिटननं त्याही आधी, २००० साली, रेसिंगमधून बाहेर पडलेल्या घोड्यांना पुन्हा शिकवण्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. आपल्याकडे प्राण्यांना सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत घोड्याची एका वेळची चंदी येत नाही.

आता सरकार पैसा कुठे घालतं आणि कुठून घेतं ते बघा, कारण खरा सार्वजनिक प्रश्न इथे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं नॅशनल लाइव्हस्टॉक मिशनमध्ये घोडा, गाढव, खेचर, उंट हे धरले, व्यवसाय सुरू करायला ५० टक्के भांडवली सबसिडी, ५० लाखांपर्यंत. चांगलं केलं, मी याच्या बाजूचा आहे, २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मध्ये देशातले घोडे-तट्टू सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्याही खाली आले, काहीतरी करायलाच पाहिजे होतं. सप्टेंबर २०२५ पासून जिवंत घोड्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणला आणि त्याच वेळी शर्यतीच्या बेटिंगवरचा २८ वरून ४० वर नेला. म्हणजे जन्माला मदत, विक्रीला सवलत, पैजेवर मोठा कर. आणि त्या ४० टक्क्यांतला एक पैसा, ज्या घोड्याच्या पळण्यावर ती पैज लागली त्याच्या नावानं बाजूला पडत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, साधा शब्द आहे पण दुसरा नाही.

मग करायचं काय. थरोब्रेड शिंगराची नोंद पुण्याच्या स्टडबुकात होते, डीएनएवरून आईबाप पक्के करतात, म्हणजे प्रत्येक घोडा कुणी जन्माला घातला हे सरकारपेक्षाही पक्कं माहीत असतं. त्याच नोंदणीच्या वेळी पैदासकारानं एक ठेव भरावी. घोडा विकला की ठेव घोड्याबरोबर जावी, नव्या मालकानं आपली भर घालावी, बक्षिसाच्या रकमेतून एक ठरलेला वाटा त्यात जावा, बेटिंगच्या करातूनही थोडं यावं, आणि घोडा निवृत्त झाला की जो कुणी त्याला सांभाळेल, मग ती रायडिंग स्कूल असो, पोलिसांचं घोडदळ असो नाहीतर गोशाळेसारखी एखादी संस्था, त्याला तो पैसा हप्त्यानं मिळावा, दरवर्षी पशुवैद्यानं घोडा डोळ्यांनी बघून सही केल्यावर. हात बदलला की पासपोर्टवर नोंद सक्तीची, नोंद नसेल तर शेवटचा नोंदलेला मालकच जबाबदार. आणि कुणालाच सांभाळता आलं नाही तर पैदासकारानं परत घ्यायचा. ज्याची पैदास आणि ट्रेनिंग एकाच आवारात आहे, ज्याच्याकडे पॅडॉक आहे, मोतद्दार आहेत, लसूणघास आहे, त्याला परत घेणं शक्य असतं म्हणून त्याची ठेव कमी ठेवा. दीडशे शिंगरं काढून सगळी लिलावात सोडणाऱ्याची जास्त ठेवा. पैशाचा जोर आपोआप एकत्र पागेकडे वळेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पैदास आणि ट्रेनिंग एकाच हातात दिली तर लपवाछपवी वाढेल. ट्रेनर स्वतःच्या पागेतल्या घोड्याला झुकतं माप देईल, दुसऱ्या मालकाचा घोडा मागे ठेवेल, आपल्या स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या नराची, पोरं जिंकावीत म्हणून खटपट करेल. आक्षेप खरा आहे. म्हणून अशा ट्रेनरनं कुठल्या घोड्यात आपला पैसा आहे हे शर्यतीच्या कार्डावर जाहीर केलं पाहिजे, आणि पशुवैद्याच्या नोंदी क्लबाकडे गेल्या पाहिजेत. पण साखळी वेगळी ठेवल्यानं लपवाछपवी थांबते असं मला कुठे दिसलेलं नाही, उलट दुखणं लपवायचं सगळ्यात मोठं कारण तिथे विक्री हेच असतं, आणि जो घोडा तुम्ही विकणारच नाही त्याचं दुखणं कुणापासून लपवणार. टेझिओ काही संत नव्हता, घोडे विकूनच त्याची पागा चालायची, नेआर्को सुद्धा त्यानं ६०,००० पौंडांना इंग्लंडला विकला. म्हणूनच मी नुसत्या रचनेवर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, ठेवीचा नियम त्याबरोबर पाहिजेच.

दुसरा आक्षेप आपल्या घरांत जास्त ऐकू येतो, की हे सगळं कशाला, शर्यतच बंद करा. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला हे सांगून मी हा प्रश्न टाळणार नाही, ज्यांना पैजा नकोत त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, घरं बुडालेली मीही बघितलीयत. पण मकाऊची शर्यत एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली, सिंगापूरची ऑक्टोबरमध्ये, चेन्नईत गिंडीच्या रेसकोर्सची जमीन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारनं ताब्यात घेतली, म्हणजे बंद होण्याची वेळ खरोखर येऊ शकते, आणि आली तर आज जिवंत असलेल्या हजारो घोड्यांचं काय याचं उत्तर बंदीची मागणी करणाऱ्याकडेही नाही. ठेवीची व्यवस्था असेल तर शर्यत चालू राहो की बंद होवो, घोडा रस्त्यावर येणार नाही. बंदी मागणाऱ्यांनी तर ही मागणी माझ्या आधी करायला पाहिजे.

छोट्या पैदासकाराला हे परवडेल का, हाही प्रश्न येतो. ज्याला एका शिंगराच्या म्हातारपणासाठी थोडी ठेव ठेवणं परवडत नाही त्यानं त्या वर्षी एक घोडी कमी दाखवावी, मला यात काही कठोर वाटत नाही.

राहिला आपला बडोद्याचा भाग. इथे स्टॅलियन आणून मोठा स्टड काढायचं स्वप्न काही लोक बघतात, माझा विरोध नाही पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पावसाळ्यात चावऱ्या माश्यांनी घोड्यांचा सर्रा हा रोग पसरतो ज्याची लस नाही, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, आणि गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही हा अडसर वेगळाच. निवृत्त घोड्यांसाठी मात्र हा भाग उत्तम आहे. त्यांना गॅलपचा ट्रॅक नको, रोजची पाच-सहा किलो चंदी नको, चांगला चारा, सावली, पाणी, कोरडी उंच जमीन आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य पाहिजे. चरोतरात, म्हणजे आणंद-खेड्याच्या भागात, रजको म्हणजे लसूणघास भरपूर पिकतो, आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या आत आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना घोडा हाताळायला मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार. पुण्या-मुंबईच्या ज्या पागा पैदास आणि ट्रेनिंग दोन्ही करतात त्यांनी आपले गेल्डिंग इकडच्या शेतकऱ्यांकडे ठेवीच्या पैशावर पाठवले तर ज्याच्याकडे दोन-चार एकर रजका आहे त्याला बारा महिन्यांचं उत्पन्न, घोड्याला ठिकाण, आणि मुलांना रायडिंग शिकायला शांत जनावर. जमीन विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही, शेतकरी स्वतःच्याच शेतात घोडा ठेवतोय.

हे सुरू व्हायला दिल्लीचा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. सबसिडीचे अर्ज पशुपालन खात्याकडे येतात, तिथे आजच एक अट घालता येते की नव्या प्रकल्पाच्या नकाशात म्हाताऱ्या घोड्यांसाठी जागा दाखवा आणि पुढच्या वीस वर्षांच्या खर्चात त्यांची ओळ दाखवा. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातली आपली जी मंडळी सीए आहेत, वकील आहेत, सहकारी बँकांत आहेत, त्यांच्याकडे कधी अशा प्रकल्पाचे कागद आले तर ती ओळ शोधा, आणि नसेल तर सही करायच्या आधी अर्जदाराला विचारा की पहिल्या वर्षीचं शिंगरू अठरा वर्षांचं होईल तेव्हा ते कुठे उभं असेल.